पहिल्या गिऱ्हाईकाला हसलो आणि सोळा महिने कुलूप: थंड बाजारात घर विकून मोकळं व्हावं की धरून बसावं?

मांजराकाठ (धागा सुरू करणारा)

लातुरात औसा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे. प्लॉट 1,800 स्क्वेअर फूट, खाली तीन खोल्या, वर दोन. वडिलांनी 1995 ला बांधलं. किल्लारीच्या भूकंपाला दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे मिस्त्रीच्या मागं लागून त्यांनी सगळं काम कॉलम-बीममध्ये करून घेतलं. पैसे कमी पडले तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या. हे सांगायचं कारण एवढंच की घराचा भाव ठरवताना मी त्या पाटल्याही धरल्या होत्या. गिऱ्हाईक धरत नाही.

वडील 2022 ला गेले. आई माझ्याकडे संभाजीनगरला, भाऊ पुण्यात, बहीण उदगीरला. तिघांनी मिळून घर विकायचं ठरवलं आणि 62 लाख सांगितले. दुसऱ्याच महिन्यात शिक्षक नवरा-बायको बघून गेले. 51 म्हणाले, कर्ज मंजूर होतं, कागद मागितले. आम्ही फोन ठेवून हसलो. त्याला आज सोळा महिने झाले. दलाल आता 47 चं गिऱ्हाईक आणतो, आणि तेही "दसऱ्यानंतर बघू" म्हणून जातं.

परवा रात्री बसून हिशेब मांडला. 51 लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 3 लाख 57 हजार, सोळा महिन्यांचे पावणेपाच लाख. शिवाय घरपट्टी, बंद घराचं लाईट बिल, गच्चीला डांबर, दोनदा अंगणातलं गवत काढायला माणूस, हे पन्नासेक हजार. म्हणजे आज मला सव्वाछप्पन्न लाख मिळाले तर मी त्या दिवसाच्या बरोबरीला येतो. मिळतायत 47.

माझं मत असं झालंय की बाजार थंड असेल तर कागद मागणारं पहिलं गिऱ्हाईक सोडू नये. वाट बघणं फुकट नसतं. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

औसेकर_अण्णा

नाही पटत. ठेवीच्या व्याजावर कर नाही का लागत? महागाई नाही का? पैसा बँकेत ठेवला की तो दरवर्षी थोडा झिजतो, जमीन झिजत नाही. तुम्हाला कर्ज फेडायचंय का, मुलीचं लग्न थांबलंय का? नाही ना? मग गरजू माणसासारखं कशाला विकायलाव?

लातुरात बारावी आणि नीटच्या पोरांना खोल्या पुरत नाहीत. माझ्या वरच्या मजल्यावर चार मुली राहतात, परभणी-हिंगोलीकडच्या. महिन्याला 14 हजार येतात, वर घरात जाग राहते. तुमच्या पाच खोल्यांचे आरामात पंचवीस येतील. अन् रेल्वे बोगीचा कारखाना इथंच आहे, वंदे भारतचे डबे होणार म्हणतात. शक्तिपीठ महामार्ग जिल्ह्यातून जायचाय. पाच वर्षं दम धरा. बापाची वास्तू मोडून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

हरंगुळचा_प्लॉट

अण्णा, "पाच वर्षं दम धरा" हे वाक्य मला 2018 ला सांगितलं होतं. 31 मार्चला बोगी कारखान्याचं भूमिपूजन झालं आणि जूनमध्ये मी हरंगुळकडं प्लॉट घेतला. साडेअकरा लाख. बायकोचा पीएफ मोडून. दलालानं उभं राहून दाखवलं होतं, इथून रस्ता, तिथं कामगार वसाहत, पलीकडं शाळा. आज त्या जागी गाजर गवत आहे आणि मागच्या महिन्यात एक जण बारा लाख म्हणाला. महागाई धरली तर मी पैसे देऊन प्लॉट सांभाळलाय.

आणि शक्तिपीठाचं नाव घेताय, त्याला शेतकऱ्यांचा विरोध किती आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. होणार असलेल्या गोष्टीवर भाव वाढतो तो विकणाऱ्याच्या तोंडी. घेणारा झालेल्या गोष्टीचे पैसे देतो.

मांजराकाठ

अण्णा, भाड्याचा प्रयोग करून झालाय. विकायला काढायच्या आधी सहा महिने वर चार पोरं ठेवली होती. एकानं बाथरूमच्या जाळीत अंडरवेअर धुऊन टाकली, पाणी खालच्या भिंतीत मुरलं. मी संभाजीनगरहून प्लंबरला व्हिडिओ कॉलवर "डावीकडचा कॉक, डावीकडचा" म्हणून सांगतोय. तुम्ही खाली राहता म्हणून तुमचे 14 हजार 14 हजार असतात. माझे तिसऱ्या महिन्याला नऊ झाले.

हिशेबी

दोघंही एक गोष्ट विसरताय. थंड बाजारात भाव पडतो, रेडीरेकनर (सरकारनं ठरवलेला जागेचा दर) पडत नाही. नोंदणीवाले शुल्क लावतात ते सौदा आणि रेकनर यातल्या मोठ्या आकड्यावर. प्राप्तिकराचंही तसंच. रेकनरची किंमत सौद्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असली की तुमचा नफा रेकनरच्या आकड्यावर धरतात, हातात कितीही येवोत. घेणाऱ्याच्या बाबतीतही मधला फरक त्याचं उत्पन्न समजला जातो. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे जाता येतं, पण त्यात किती चपला झिजतात ते विचारू नका. म्हणून "स्वस्तात देऊन मोकळं व्हा" याला खालून एक मर्यादा आहे. तुमच्या घराचं रेकनर किती निघतं?

आता कर. वडिलांचं घर 2001 च्या आधीचं, त्यामुळे 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते. समजा ती 8 लाख. 2025-26 चा महागाई निर्देशांक 376, म्हणजे 3.76 पट धरून खरेदी किंमत झाली 30 लाख 8 हजार. 47 ला विकलं तर नफा 16 लाख 92 हजार, त्यावर 20 टक्के म्हणजे 3 लाख 38 हजार. निर्देशांक न घेता 39 लाखांवर साडेबारा टक्के लावले तर 4 लाख 87 हजार. 23 जुलै 2024 च्या आधी मिळालेल्या घराला यातला कमी कर निवडता येतो, तो निवडा. हा नफा वारसांत वाटला जाईल. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा सहा महिन्यांत ठरावीक बाँडमध्ये टाकले आणि पाच वर्षं हात लावला नाही, तर तोही वाचवता येतो. ठेवीचा हिशेब केलात, मग हाही करा. 51 लाख पूर्ण तुमचे नव्हतेच.

मांजराकाठ

रेकनरनं 49 निघतं. आणि हो, कर मी धरलाच नव्हता.

हिशेबी

मग 44 लाख 55 हजारांच्या खाली उतरू नका, तिथं 10 टक्क्यांची सवलत संपते. 47 ला अडचण नाही.

फक्त_घेणारा

मी पलीकडच्या बाजूचा. वर्षभर लातुरात जुनी घरं बघतोय, बजेट 50. विकणाऱ्यांना वाटतं की आम्ही भाव पाडायला येतो. आमचं गणित ऐका.

50 लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त 80 टक्के देते. ते सुद्धा तिचा मूल्यांकन करणारा जो आकडा लिहील त्याच्यावर, आणि तीस वर्षांच्या बांधकामाला तो हात आखडता घेऊन लिहितो. त्यानं 44 लिहिलं तर कर्ज 35 लाख 20 हजार. उरलेले पावणेपंधरा माझ्या खिशातून. वर मुद्रांक शुल्क सहा टक्क्यांच्या घरात (एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी), नोंदणीचे 30 हजार, आणि दोन्हीकडून घेणारा दलाल. घरात पाऊल टाकायच्या आधी अठरा लाख रोकडे पाहिजेत. शिक्षक माणूस 51 म्हणाला म्हणजे त्यानं पोटाला चिमटा घेऊन म्हटलं होतं.

त्यात निम्म्या घरांचा बांधकाम परवाना सापडत नाही. एका ठिकाणी वरचा मजला परवानगीशिवाय, दुसऱ्या ठिकाणी सिटी सर्व्हेला अजून आजोबांचं नाव. तिसरा म्हणाला 30 चेकनं द्या, 17 रोख. वीस हजार किंवा त्याच्या वर रोख घ्यायला बंदी आहे म्हटल्यावर मलाच म्हणाला, "तुम्हाला घर घ्यायचंच नाही."

माझ्या मते बाजार थंड नाही. कागद नीट असलेलं घर दोन महिन्यांत जातं, मला दोनदा हातचं गेलंय.

गंजगोलाई

दलालांना शिव्या बसायच्या आत बोलतो. तेवीस वर्षं हाच धंदा.

लातूरचा पैसा कुठून येतो? आडतीवरून. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 ला 5,328 जाहीर झाला, पण बाजारात बहुतेकांनी त्याच्या खालीच घातलं. त्याआधी सप्टेंबरात अतिवृष्टीनं शेतंच वाहून गेली. एरवी दिवाळीनंतर खेड्यातला माणूस पोरांच्या शिक्षणासाठी शहरात घर बघायला निघतो. यंदा तो निघालाच नाही, मग मी काय करू?

पण भाऊ, 62 सांगितले तेव्हा मी असतो तर तुमचं घर यादीतच घेतलं नसतं. जास्त भावाचं घर आम्ही गिऱ्हाईकाला दाखवतो ते शेजारचं विकायला. "हे बघा 62, आणि हे 52 मध्ये मिळतंय." सोळा महिने तुमच्या घरानं दुसऱ्यांची घरं विकून दिली. बोर्ड जुना झाला की लोक विचारतात, यात काही भानगड आहे का? एकदा बोर्ड काढा, दोन महिने थांबा, मग 50 सांगून 48 ला द्या.

आणि इसारपावतीवर मुदत घाला. पंचेचाळीस दिवस, नाहीतर व्यवहार रद्द, असं स्पष्ट लिहा. माझ्यासमोर एकानं 51 हजार देऊन एक घर अकरा महिने अडकवलं होतं. तो दुसरं गिऱ्हाईक शोधून वरचे पैसे कमवायच्या नादात होता.

औसेकर_अण्णा

आला, दलालाचा सल्ला आला. विकलं तर ह्याला टक्का, नाही विकलं तर ह्याचं काय जातंय?

गंजगोलाई

खरंय अण्णा. पण 62 ला विकलं असतं तर मला टक्का जास्तच मिळाला असता की.

चौथी_सही

मी वकील नाही, तीन भावांची बहीण आहे, त्यामुळे या विषयात पुष्कळ शिकले.

धागाकर्त्यांनी लिहिलंय "तिघांनी मिळून ठरवलं". मृत्युपत्र नसेल तर घर चौघांचं आहे. आईचा वाटा तुमच्या प्रत्येकाएवढाच. खरेदीखतावर तिची सही लागणार, नाहीतर तिला आधी हक्कसोड करून द्यावं लागणार, तेही नोंदणीकृत. आणि पूर्ण धाग्यात आईचा उल्लेख दोनदा आहे. एकदा पाटल्या गेल्या तेव्हा, आणि एकदा ती कुठं राहते ते सांगायला.

आमच्याकडे बाबांचं घर चार वर्षं विकलं गेलं नाही. भाऊ सगळ्यांना सांगायचे की बाजार नाही. बाजार होता. मोठ्याला पैसे बिझनेसमध्ये पाहिजे होते, धाकट्याला घर आईच्या नावानं ठेवायचं होतं, आणि माझ्या सहीचा विषय निघाला की चहा यायचा. गिऱ्हाईकाला हे दारातच कळतं. एक भाऊ भाव सांगतो, दुसरा खिडकीबाहेर बघतो, मग तो कशाला इसार देईल?

अण्णा, वास्तू मोडू नये म्हणताय, कबूल. पण ती सांभाळायला तिथं कुणीतरी राहायला पाहिजे ना. आणि हिशेबी, तुमचं गणित चोख आहे, त्यात वाटे तीन की चार ते मात्र विचारायचं राहिलं.

हिशेबी

राहिलं. चौघांत वाटा.

औसेकर_अण्णा

ताई, तुमचं बरोबर आहे. तरी मी विकलं नसतं. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा आमच्या गल्लीतले दोघं घाबरून पुण्याला गेले, मिळेल त्या भावाला घरं देऊन. ती आज कुणीही त्या पैशात देत नाही. भीतीच्या दिवसात विकू नये, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही भीतीनं विकत नसाल तर विका.

मांजराकाठ

काल रात्री जेवताना आईला विचारलं. सोळा महिन्यांत पहिल्यांदा, हे लिहायला लाज वाटते. ती म्हणाली, "ती मास्तरीणबाई तुळशीपाशी थांबली होती बघ, किती वर्षांची आहे विचारत होती. तिला द्यायचं होतं." मी म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललीस? म्हणाली, "तुम्ही फोनवर हसत होतात."

त्या मास्तरांना आज फोन लावला. त्यांनी बार्शी रोडला फ्लॅट घेतलाय, जानेवारीत राहायला गेले.

भाऊ 50 च्या खाली येत नाही. बहीण म्हणते आई सांगेल ते. वारस नोंदीचा अर्ज सोमवारी देतोय, तो दोन वर्षांपूर्वीच द्यायला पाहिजे होता. बांधकाम परवाना वडिलांच्या ट्रंकेत सापडला, नगरपालिकेच्या वेळचा, वरच्या मजल्यासकट.

फक्त_घेणारा

परवाना वरच्या मजल्यासकट आहे? बोअर किती फूट आहे, आणि मे महिन्यात चालतं का?

मांजराकाठ

420 फूट. मे मध्ये पाऊण तास चालतं, मग अर्धा तास बंद ठेवावं लागतं. रविवारी मी आईला घेऊन लातुरात येतोय, अकरानंतर या. बायकोलाही आणा.