स्टील फ्रेमची भिंत आगीत टिकते का? बाबा म्हणतात भट्टी होईल

कोथरूडकर: बंगल्याच्या गच्चीवर खोली वाढवायचीय. जुन्या स्लॅबला वीटकाम झेपणार नाही, म्हणून लाइट गेज स्टीलचा (पातळ पत्रा वाकवून केलेला) सांगाडा, दोन्हीकडून जिप्सम बोर्ड, आत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर). बाबा अडून बसलेत, "पत्रा तो पत्राच." पण स्टील जळत नाही, रॉकवूलही जळत नाही. मग भीती कसली?

भोसरी_फॅब्रिकेटर: बाबांना दंडवत. स्टील जळत नाही, मऊ पडतं. साडेपाचशे अंशांच्या आसपास ताकद निम्म्यावर येते, आणि हे स्टड, म्हणजे सांगाड्यातले उभे खांब, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्याचे. प्रमाणित चाचणीची भट्टी अर्ध्या तासात ८४० अंशांवर जाते. सिपोरेक्सचे हलके काँक्रीट ब्लॉक लावा आणि सुखाने झोपा.

पेठेतला_इंजिनिअर: आग स्टडपर्यंत पोचते कधी, ते बघा की! जिप्समच्या वजनात पाचवा हिस्सा पाणी असतं. ते वाफ होऊन उडेपर्यंत बोर्डाची मागची बाजू शंभराच्या आसपासच घुटमळते. फायर ग्रेडचा बोर्ड घ्या, दोन थर, सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. रॉकवूल ठासून भरा.

वाकडची_स्नेहा: ठासून भरण्याबद्दल मतभेद. पलीकडे उष्णता कमी जाते हे खरं, पण ती आगीकडच्या बाजूलाच कोंडते. स्टड एका अंगाने तापलेला, दुसऱ्या अंगाने गार, मग धनुष्यासारखा वाकतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तंत्र विद्यापीठातल्या चाचण्यांत पोकळी रिकामी ठेवून दोन बोर्डांच्या मधे इन्सुलेशन घातलेल्या भिंती जास्त टिकल्या.

पेठेतला_इंजिनिअर: भार पेलणाऱ्या भिंतीत मान्य. इथे वर हलकं छप्पर आहे, ताई. आणि रॉकवूल काढलं तर मे महिन्यात त्या खोलीत बसणार कोण? थर्माकोल मात्र नको, शंभर अंशांलाच आक्रसतो.

भोसरी_फॅब्रिकेटर: कागदावर सगळं छान. आमच्या ऑफिसच्या पार्टिशनमधला स्विचबॉक्स काढला तर पलीकडच्या केबिनमधली ट्यूब दिसली! दोन्हीकडचे बॉक्स पाठीला पाठ लावून. आग आधी तिथूनच शिरणार.

पेठेतला_इंजिनिअर: याला तोड नाही. बॉक्स वेगवेगळ्या स्टडच्या गाळ्यांत घ्या, भोकं फायर सीलंटने बुजवा. आणि आयएस ३८०९, म्हणजे आगरोधक चाचणीच्या भारतीय मानकाचा चाचणी अहवाल मागा, पण अख्ख्या भिंतीचा. नुसत्या बोर्डाचा चालत नाही.

कोथरूडकर: मागितला. कॉन्ट्रॅक्टरने बोर्डाचं रंगीत ब्रोशर व्हॉट्सॲपवर टाकलंय. बाबा ते सगळ्यांना दाखवत फिरतायत.