इलन पाईप शिकताय? आधी १९४७ चा जॉनी डोरन ऐका, बाकीचे नंतर

भातेवाला:
तीन वर्षं झाली मी इथे लिमरिकला इलन पाईप शिकतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही आयर्लंडची बॅगपाईप, पण तोंडाने फुंकायची नाही, उजव्या कोपराखाली भाता (आपल्या पेटीला असतो तसलाच प्रकार), डाव्या हाताखाली पिशवी, आणि बसून वाजवायची. इलन म्हणजे कोपर. तर दर महिन्याला कोणीतरी नवशिका विचारतो की कुणाला ऐकू, आणि लोक त्याला वीस अल्बमची यादी चिकटवतात. माझं उत्तर एकच. जॉनी डोरन. भटक्या समाजातला माणूस, घोडागाडीतून गावोगाव जत्रा आणि शर्यती करत वाजवायचा. त्याचं जे काही आज ऐकायला मिळतं ते सगळं १९४७ मध्ये डब्लिनला आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाच्या केविन डॅनहरने तबकड्यांवर घेतलेलं, तेही जॉन केली नावाचा क्लेअर परगण्यातला फिडलवाला मागे लागला म्हणून. काही महिन्यांत, जानेवारी १९४८ ला, त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, अंथरुणाला खिळला आणि १९५० ला गेला. त्याची 'कर्नल फ्रेझर' ही चाल लावा. वाजवताना रीड (सूर काढणारी पातळ पत्ती) फुटेल की काय असं वाटतं, पण सूर तुटत नाही, आणि खाली मनगटाने रेग्युलेटरच्या, म्हणजे साथीचे सूर देणाऱ्या नळ्यांच्या, पट्ट्या दाबून तो जो ठेका देतो ना, तो ऐकून मी त्याच आठवड्यात प्रॅक्टिस सेट (नवशिक्यांची साधी पाईप) बुक केला. ज्याला हे ऐकून अंगावर काटा येत नाही त्याने गिटार घ्यावी.

ताई_कॉर्ककर:
गिटारवाल्यांनी काय घोडं मारलंय तुझं 😄 पण मुद्दा चुकतोय. डोरन ऐकून नवशिके काय करतात हे मी डोळ्याने बघितलंय. पहिल्या सहा महिन्यांत त्याचा वेग पकडायला जातात, पिशवीवरचा दाब हलतो, वरचा सप्तक किंचाळतो, आणि मग रीडला शिव्या. शिकायचं असेल तर शेमस एनिस हा पायपर ऐक. 'द रिटर्न फ्रॉम फिंगल' ही सीडी घे, आयरिश रेडिओ-टीव्ही आरटीईच्या संग्रहातली. चँटर (चाल वाजवायची भोकांची नळी) मांडीवर बंद करून एकेक स्वर सुटा कसा काढायचा, खालच्या डी स्वरावरचा क्रॅन हा बोटांचा अलंकार कसा बसवायचा, एकच ओळ दुसऱ्या फेरीला किती थोडी बदलायची, सगळं त्यात ऐकू येतं. माणूस स्वतः १९४२ पासून पाच वर्षं आयोगासाठी खेडोपाडी फिरून गाणी गोळा करत होता, त्यामुळे त्याच्या वाजवण्यात शंभर जणांची बोटं आहेत.

भातेवाला:
एनिस मोठाच, नाही कोण म्हणतंय. पण एनिस ऐकून मला अभ्यास करावासा वाटतो, डोरन ऐकून वाजवावंसं वाटतं. विषय प्रेरणेचा आहे. आणि विली क्लॅन्सीने १९३६ ला मिलटाउन मॅलबेच्या शर्यतीत डोरनला ऐकलं, तिथून तो पाईपला लागला, आज त्याच क्लॅन्सीच्या नावाने दर जुलैला तिथे समर स्कूल भरतं. आणखी पुरावा काय पाहिजे?

डब्लिनचा_बबन:
अरे बाबा हा पुरावा तुझ्याच विरोधात जातोय. क्लॅन्सीने डोरनला *बघितलं*. समोर उभं राहून. तबकडी नाही ऐकली. आणि त्याच्या आधी त्याच्या घरी काय होतं? वडील गिल्बर्ट बासरीवाले, त्यांच्यावर गॅरेट बॅरीचा प्रभाव, हा बॅरी म्हणजे इना गावचा आंधळा पायपर, १८९९ ला गेला, त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. तरी त्याच्या चाली क्लॅन्सीपर्यंत आल्याच ना. रेकॉर्डिंग वगैरे ठीक आहे, पण एखादा माणूस गाठा आणि त्याच्या बोटांकडे बघा. डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटला पायपर लोकांची संस्था आहे, १९६८ ला सुरू झालेली, तिकडे क्लास असतात.

सनई_सातारा:
मी पाईप वाजवत नाही, घरात सनई-चौघडा तीन पिढ्या, म्हणून मुद्दाम वाचतोय. बबनदादा, आमच्याकडेही हेच म्हणतात, पण सगळ्यांना गुरू शेजारी मिळत नाही हो. मला डोरनची लिंक भातेवाल्यांनीच दिली होती. त्यातलं मला सगळ्यात काय आवडलं सांगू का, मागे जे तीन ड्रोन, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या, धरलेले असतात ते. आमच्याकडे सूर धरायला वेगळा माणूस बसतो, इथे एकच माणूस सूर धरतो, चाल वाजवतो आणि वर मनगटाने ठेका. आणि दम भात्यातून येतो. आमच्या आजोबांना सांगितलं तर म्हणाले असते की ही फसवणूक आहे 😂

लेदरबोट:
सगळे मिळून चाळीसच्या दशकातच राहायला गेलात काय? ती खरखर मला दहा मिनिटांवर ऐकवत नाही, खरं सांगतो, आणि हे कबूल करायला लोक घाबरतात. मला पाईप लागली ती पायपर लिअम ओ'फ्लिनमुळे. 'द ब्रेंडन व्हॉयेज', १९८०, संगीतकार शॉन डेव्हीचं. टिम सेव्हरिन १९७६-७७ मध्ये चामड्याच्या होडीतून अटलांटिक पार करून गेला त्यावरची रचना, त्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे समुद्र आणि पाईप म्हणजे ती होडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला इलन पाईप हा शब्दही माहीत नव्हता, नुसतं कळलं की मोठ्या गोंगाटात काहीतरी छोटं तरंगतंय. ओ'फ्लिन लिओ राउसम या जुन्या पायपरचा शिष्य, पुढे एनिसच्या सहवासातला, एनिसचे पाईपसुद्धा शेवटी त्याच्याकडेच आले. म्हणजे परंपरा पाहिजे तर तीही घ्या.

भातेवाला:
ब्रेंडन सुंदर आहे. पण पाईपपेक्षा मागचे ऐंशी लोक जास्त ऐकू येतात (आकडा रागात आलाय, मोजला नाहीये). त्यापेक्षा त्याच्या प्लँक्स्टी या बँडचा १९७३ चा काळ्या कव्हरचा पहिला अल्बम लाव, ओ'फ्लिन तिथे मोकळा आहे.

ताई_कॉर्ककर:
म्हणजे स्वच्छ रेकॉर्डिंग चालतं तुला! आलास ना खाली 😌

भातेवाला:
चालतं. दुसऱ्या वर्षी.

नवीन_रीड:
मीच तो नवशिका ज्याच्यामुळे हे सुरू झालं. मला खरं म्हणजे ब्रेव्हहार्टमधली ती धून आवडली म्हणून आलो, मला वाटायचं ती स्कॉटिश पाईप.

डब्लिनचा_बबन:
सगळ्यांनाच वाटतं. पडद्यावर स्कॉटलंड, कानात आयर्लंडची पाईप, एरिक रिग्लरने वाजवलेली, अमेरिकन माणूस. टायटॅनिकमध्येही तोच. लाजू नकोस, निम्मे लोक त्याच दारातून आलेत.

नवीन_रीड:
बरं. काल डोरन आणि एनिस दोन्ही ऐकले. डोरन तीनदा लावला, पण काय चाललंय ते काही कळलं नाही, दोन माणसं वाजवतायत असं वाटत होतं. एनिसमध्ये कळलं, पण दुसऱ्यांदा लावावंसं नाही वाटलं. आता काय करू? आणि पुण्यात मे महिन्यात सेट घेऊन जाऊ का, की रीडचं वाटोळं होईल?

ताई_कॉर्ककर:
सेट इथेच ठेव! माझा मागच्या उन्हाळ्यात नेला होता, कोरड्या हवेत चँटरची रीड बोलेनाच, ओला टॉवेल गुंडाळून बसले होते आणि सासूबाई विचारत होत्या की बाळंतपण कुणाचं. फोनमध्ये एनिस भरून ने.

भातेवाला:
डोरन ने. तीनदा लावलास म्हणालास ना, आपोआप?

नवीन_रीड:
हो. आपोआप.

ताई_कॉर्ककर:
ठीक आहे, पण पाऊण वेगावर ऐक. ॲपमध्ये होतं ते.