मदत हवी आहे: खुकरीवरच्या एका नौसैनिकाच्या घरच्यांचा शोध

नमस्कार मंडळी,

माझे मोठे काका 1971 मध्ये नौदलात होते, वय जेमतेम वीस. 'खुकरी' या युद्धनौकेवर ड्यूटी लागलेली, पण ऐनवेळी तापाने फणफणले आणि मुंबईत हॉस्पिटलात राहिले. त्यांच्या जागी दुसरा मुलगा गेला. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. तो मुलगाही परत आला नाही.

काका हे कधी बोललेच नाहीत. परवा नातवाने युद्धाबद्दल विचारलं, तेव्हा एकदम म्हणाले, "माझा ताप त्याला भोवला." आता एकच धोशा लावलाय, त्याच्या घरी जाऊन यायचं. आठवतं ते एवढंच: मुलगा कोकणातला, खाडीकाठच्या गावचा, हार्मोनियम छान वाजवायचा. आडनावाबद्दल त्यांची खात्री नाही, म्हणून इथे लिहीत नाही.

नौसैनिकांच्या जुन्या नोंदी मानखुर्दला चीता कॅम्पात असतात ना? नातेवाईक नसलेल्यांना माहिती देतात का? की आधी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारू? दीवच्या खुकरी स्मारकावर कोणी अलीकडे गेलं असेल, तर तिथे नावं वाचता येतात का तेही सांगा. काकांचे गुडघे गेलेत, पायऱ्या किती आहेत?

जरा घाई आहे. 9 डिसेंबरच्या आत काहीतरी हाती लागलं तर बरं.