मदत हवी आहे: २५० सीसी एन्ड्युरो पांदणीत कूलंट फेकते, रेडिएटर कॅप बदलू का?

संत्रानगरी२५०

गाडी एन्ड्युरो म्हणजे कच्च्या रस्त्याची मोटरसायकल, २५० सीसी, चार स्ट्रोक, वॉटर-कूल्ड, कार्ब्युरेटरवाली, वर दोन कॅम, बकेटखाली (व्हॉल्व्हवरच्या टोपीखाली) शिम, म्हणजे फट जुळवायची चकती. सेकंडहँड आहे, मीटरवर १४२ तास. पंखा मुळातच नाही.

काटोल-कळमेश्वरकडच्या पांदणीत (शेतातल्या कच्च्या वाटेवर) पहिल्या गिअरमध्ये दहा-बारा मिनिटं हळू चालवली की ओव्हरफ्लोच्या नळीतून कूलंट फेकून राहिली आहे. डांबरी रस्त्यावर काही त्रास नाही. दर फेरीनंतर रेडिएटरमध्ये अंदाजे १५० मिली भरावं लागतं.

विचार असा आहे की १.१ बारची कॅप काढून १.८ ची लावायची आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत काम संपवायचं आहे. चालेल का?

अजून एक, याचा संबंध नसेलही. सकाळी थंड गाडी बटणावर लागायला दिवसेंदिवस जास्त वेळ घेते. धक्का मारला की लगेच लागते. आयडल स्क्रू दोनदा वाढवून झाला.

फीलरगेज

भाऊ, शेवटी जाता जाता लिहिलंत तोच मोठा खर्च आहे. कूलंटचं नंतर बघा.

इंजिन थंड असताना लागत नाही, धक्क्यावर लागते, आयडल वाढवत न्यावं लागतं, ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली की इनटेकचे (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचे) टॅपेट टाइट झालेत, म्हणजे फट कमी झाली असं समजा. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो, तशी कॅम आणि बकेटमधली फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. स्टार्टर इंजिन मंद फिरवतो, तेवढ्यात कॉम्प्रेशन गळून जातं. धक्क्यावर इंजिन जोरात फिरतं, म्हणून लागते.

मोजायला बसाल तेव्हा इंजिन पूर्ण थंड हवं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ३५ अंशांच्या खाली असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बंद गाडीसुद्धा त्याच्या वर असते, तेव्हा सकाळी सहाला सुरुवात करा. सीट, टाकी काढल्यावर हेड कव्हरच्या भोवतीची माती आधी ब्रशने आणि हवेने साफ करा. मग प्लग काढा, कव्हर उघडा. क्रँक फिरवून कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसी खुणेवर (पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे) आणा. दोन्ही कॅमची नाकं बकेटपासून लांब असली तर बरोबर. बकेटवर दाबून बसलेली असली तर अजून एक पूर्ण फेरा. फट फीलर गेजच्या पातळ पात्याने मोजा. पात्याला ओढताना किंचित अडल्यासारखं व्हायला हवं. जोर लावून घुसवलेलं पातं म्हणजे माप नव्हे. चारही मापं कागदावर लिहून इथे टाका, मॅन्युअलमधली मर्यादाही टाका.

आणि एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या बाजूच्या रबरी नळीत आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर काय आलं तेही लिहा.

काळीमाती

कूलंटबद्दल. १.८ च्या कॅपने उकळबिंदू आठ-दहा अंश वर जातो, इंजिन एक अंशही थंड होत नाही. जुने होस असतील तर तो जास्तीचा दाब तेच सोसतील. थर्मोस्टॅट काढू नका. ज्या इंजिनांत बायपास आहे तिथे तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतो.

आधी फुकटचं काम करा. त्या पट्ट्यातली काळी माती ओली झाली की पुढच्या चाकावरून उडून रेडिएटरच्या जाळीत बसते आणि वाळली की विटेसारखी होते. बाहेरून धुतल्यावर जाळी स्वच्छ दिसते, पण माती मागच्या थरात तशीच असते. प्रेशर वॉशर समोरून मारला तर ती आणखी आत ठोकली जाते आणि पत्रे वाकतात ते वेगळं. पत्रे अर्धा तास भिजू द्या आणि इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपने धुवा. शेवटी मागे टॉर्च धरा. उजेड जिथून येत नाही तिथून हवाही जात नाही.

नंतर थंड इंजिनवर कॅप उघडा. कूलंट आतल्या पत्र्यांच्या साधारण १० मिमी वर असावं. काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर जास्तीचं बाहेर येणारच, तो दोष नाही. दर फेरीला १५० मिली भरताय ते काठापर्यंत भरताय का, हे पाहा. कॅपचं रबर कडक किंवा चिरलेलं असेल तर १.१ चीच नवी घ्या.

हेड गॅस्केट (हेड आणि सिलिंडरमधलं पॅकिंग) फुटल्याची शंका काढून टाकायची असेल तर थंड इंजिन, कॅप उघडी, गाडी चालू. थ्रॉटल हलका वाढवल्यावर बुडबुडे येतच राहिले तर गॅस्केट. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. तेल दुधाळ चहासारखं झालंय का तेही बघा.

बोअरच्या पाण्याने टॉप-अप करत असाल तर आजपासून बंद. अॅल्युमिनियमला चालणारं इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मंनिम्मं. नुसतं कूलंट ओतल्याने फायदा होत नाही, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

बारादाती

पहिल्या गिअरमध्येही क्लच अर्धा दाबून चालवावी लागत असेल तर गिअरिंग लांब आहे. चेनच्या चक्रांचे दात पुढे १३, मागे ४८ असतील तर पुढे १२ लावा. ते पुढे १३ ठेवून मागे ५२ लावल्यासारखंच आहे, दोन्हीचं गुणोत्तर ४. चेन मात्र लांब लागत नाही. स्विंगआर्मवरची चेनची रबरी पट्टी लवकर झिजते, तेवढी बघत राहा. आणि तेल जासो एमए२ (ओल्या क्लचच्या बाइकसाठीचा तेलाचा दर्जा) चंच. चारचाकीचं तेल टाकलं तर क्लच घसरतो.

संत्रानगरी२५०

मोजलं. सगळी मापं मिमीमध्ये. इनटेक डावा ०.०५, उजवा ०.०८. एक्झॉस्ट दोन्ही ०.२०. मॅन्युअलमध्ये इनटेक ०.१० ते ०.१५, एक्झॉस्ट ०.१७ ते ०.२२. फडक्यावर बारीक तांबूस धूळ आली. जाळी मागून धुतली, बादलीभर काळी माती निघाली. बुडबुडे नाहीत. डाव्या इनटेकचा शिम १.८५ चा आहे. आता कोणता घ्यावा?

फीलरगेज

जुना शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. तुम्हाला ०.१२ धरली तर १.८५ + ०.०५ − ०.१२ = १.७८. शिम ०.०५ च्या टप्प्यात मिळत असतील तर १.८० ने ०.१० येईल, १.७५ ने ०.१५. फट पुढे कमीच होत जाणार, म्हणून १.७५ घ्या. उजव्याचंही असंच काढा, पण शिमवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. हिंगणा एमआयडीसीत कुठल्याही टर्निंगच्या दुकानात मायक्रोमीटरवर मोजून मिळेल.

कॅम काढण्याआधी कॅम चेन तारेने बांधून ठेवा आणि चेनच्या बोगद्यात स्वच्छ कापड कोंबा. शिम तेलामुळे बकेटच्या तळाला चिकटून वर येतो आणि अर्ध्यात सुटतो. आत पडला की क्रँककेस उघडण्याचं काम. बकेट चुंबकाने हळू उचला, आणि कुठला कुठे होता ते अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा.

धूळ आली म्हणजे फिल्टर गळतो. फोम डिझेलमध्ये धुवा, नंतर साबणाच्या पाण्याने, आणि सावलीत पूर्ण वाळवा. पेट्रोलने जोडावरचा गोंद सुटतो. तेल फिल्टरचंच लावा. इंजिन ऑइल उभ्या फिल्टरमधून खाली उतरतं आणि वरचा अर्धा भाग कोरडा पडतो. पिळायचं नाही, दाबायचं. बसवताना काठावर ग्रीसची पातळ रेघ द्या. धुळीच्या दिवसांत दर फेरीला हे करायचं, म्हणून दोन फिल्टर ठेवा.

पाच तासांनी परत मोजा. फट तशीच असेल तर चालवा. पुन्हा ०.०५ वर आली तर शिमचा खेळ थांबवा, व्हॉल्व्हच गेलाय. टायटॅनियमचे असतील तर ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवू देऊ नका, वरचा कडक थर निघून जातो आणि पुढची झीज झपाट्याने होते.

संत्रानगरी२५०

१.७५ मिळाला नाही तर १.८० एमरी पेपरवर घासून चालेल?

फीलरगेज

नाही. हाताने घासून दोन्ही बाजू समांतर राहत नाहीत, आणि कडक पृष्ठभाग जातो. त्यापेक्षा १.८० तसाच बसवा, ०.१० मर्यादेत आहे. फक्त पाचऐवजी तीन तासांनी मोजा.