आठवीला इंग्रजी राजवट शिकवताना आदिवासींचा इतिहास कसा घ्यावा?

इतिहास_तासिका:
पुस्तकात आदिवासींचे उठाव चार ओळींत उरकलेत. मुलं सनावळ्या पाठ करतात, पण लोक का उठले ते कळत नाही. शाळा नंदुरबारकडची, वर्गात भिल्ल-पावरा मुलं बरीच. तासिका चारच. सुरुवात कुठून करू?

रानवाट:
उठावापासून नको, वनकायद्यापासून करा. १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असं विभागलं. १९२७ चा कायदा त्याच साच्यातला आणि आजही लागू आहे, म्हणून त्याचीच कलमं फळ्यावर घ्या. कलम ४ : राखीव वनाची अधिसूचना. कलम ६ : हक्क सांगायला किमान तीन महिने. कलम ९ : दावा केला नाही, तर सहसा हक्क बुडाला. कलम २६ : मग तिथे गुरं चारणं गुन्हा. जाहीरनामा स्थानिक भाषेत निघे, पण ज्या पाड्यात कुणालाच वाचता येत नाही तिथे त्याचं काय होणार, हे मुलांनाच शोधू द्या. कलम १० वर मात्र पूर्ण तासिका द्या. फिरती शेती ही तिथे सरकारने दिलेली सवलत ठरते, सरकार ती बंदही करू शकतं. पिढ्यान्‌पिढ्यांची शेती अशी कागदावर हातची गेली.

जुने_दप्तर:
दुसरं साधन खानदेशचा १८८० चा गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ. अर्धं पान मराठी करून द्या, जास्त नको. वहीत दोन रकाने : काय घडलं, आणि लिहिणाऱ्याने त्याला काय म्हटलं. १८१८ ला खानदेश कंपनीकडे गेला, १८२५ ला भिल्ल पलटण (भिल्लांचीच भरती करून कंपनीने उभारलेली सैन्यतुकडी) उभी राहिली; मधली सात वर्षं नीट वाचा. हा दुसरा रकाना गाळला की ‘लुटारू’ हा साहेबाचा शब्द मुलांच्या उत्तरात जसाच्या तसा उतरतो. आणि कृपा करून पिसं लावून नाटुकलं बसवू नका.

ग्रामसभा_मदत:
चौथी तासिका वनहक्क कायद्याला ठेवा. २००६ च्या या कायद्याच्या प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्याय मान्य केला आहे. २००८ च्या नियमांतल्या नियम १३ मध्ये वनहक्काच्या दाव्याला चालणाऱ्या पुराव्यांची यादी आहे : गॅझेटिअर, नकाशे, विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब. एकाहून जास्त पुरावे लागतात, तोच नियम वर्गाला लावा. प्रत्येक गटाने एक जागा निवडावी, एक जबाब आणि एक कागद जुळवावा. जबाब आधी भिलोरी-पावरीत उतरवा, मराठी नंतर. ग्रामसभेला आधी विचारा. ज्यांचे दावे प्रलंबित आहेत त्यांची नावं तक्त्यावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.