‘अ‍ॅक्वालंग’ पुन्हा लावायचा तर कोणता? १९७१ चा मिक्स की विल्सनचा?

टेपपेटी (धागाकर्ता)

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा ‘अ‍ॅक्वालंग’ मार्च १९७१ मध्ये आला. गाणी अव्वल पण आवाज गढूळ, ही तक्रार तेव्हापासून त्याच्यामागे लागलेली आहे. लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवर एका जुन्या चर्चमध्ये आयलंड या रेकॉर्ड कंपनीने नवा स्टुडिओ थाटला होता. टल मोठ्या दालनात होते आणि त्याच सुमाराला लेड झेपेलिन धाकट्या दालनात. मोठ्या दालनाचा आवाज टलचा गायक इयन अँडरसनला कधी मानवला नाही. २०११ मध्ये संगीतकार स्टीव्हन विल्सनने (२०१६ च्या डिसेंबरात पुण्याच्या वीकेंडर महोत्सवात वाजवून गेला तोच) मल्टिट्रॅक टेपा (प्रत्येक वाद्य सुटं असलेल्या मूळ टेपा) घेऊन अख्खा अल्बम नव्याने मिक्स केला. २०११ च्या सीडीत त्या मिक्सवर वरून वेगळं मास्टरिंग (तयार मिक्सवर फिरवलेला शेवटचा हात) चढवलेलं होतं. २०१६ च्या आवृत्तीत विल्सनचा मिक्स जसाच्या तसा दिला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांना हा अल्बम आवडतो पण ज्यांनी तो बरीच वर्षं लावलेला नाही, त्यांनी २०१६ ची आवृत्ती लावावी. जुनी सीडी नको.

एक गोंधळ आधी मिटवू. रिमास्टर आणि रिमिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिमास्टरमध्ये आमटी तयार असते. वरून मीठ घालता येतं, तूप सोडता येतं, पण आत विरघळलेलं तिखट बाहेर काढता येत नाही, कारण हातात दोन ट्रॅकची तयार स्टिरिओ टेप असते. रिमिक्समध्ये सगळं साहित्य पुन्हा सुटं मिळतं: ड्रम वेगळे, बास वेगळा, पियानो वेगळा. ‘अ‍ॅक्वालंग’चा दोष मिक्समध्येच मुरलेला होता, म्हणून १९९६ च्या पंचविशीच्या रिमास्टरनेही तो गेला नाही.

शीर्षकगीत ऐका. सहा सुरांचा तो रिफ, मग एकदम सगळं थांबतं, अकूस्टिक गिटार येते आणि टेलिफोनमधून आल्यासारखा चिरका, चाळलेला आवाज. जुन्या सीडीवर गिटार आणि गळा एकमेकांना चिकटलेले आहेत. विल्सनच्या मिक्समध्ये तारेवर पिकचा (तार छेडायच्या पातीचा) टोला वेगळा ऐकू येतो. गळा मात्र तसाच चिरका ठेवलेला आहे, कारण तो दोष नाही, योजना आहे. जेफ्री हॅमंडचा बास आणि क्लाइव्ह बंकरचा किक ड्रम पूर्वी एकच गुबगुबीत धप्प होता. आता दोन आहेत.

मूळप्रत

मी याच्या पूर्ण विरोधात आहे. नवा मिक्स चांगला असेल, पण त्याला ‘अ‍ॅक्वालंग’ पुन्हा सापडला असं म्हणू नका. १९७१ मध्ये अँडरसन आणि टेरी एलिस यांनी निर्माते म्हणून जे मिक्स पसंत केलं, तो अल्बम. दुसऱ्या माणसाने चाळीस वर्षांनी, वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या काळाच्या कानांनी केलेला मिक्स ही त्याच गाण्यांची दुसरी आवृत्ती आहे.

तुमची तुलनाही मला योग्य वाटत नाही. जुनी सीडी म्हणजे १९७१ नव्हे. सीडी आल्या तेव्हाच्या पहिल्या काळात कंपन्यांनी पुष्कळदा एलपी कापायला तयार केलेली प्रत वापरली: खालचा बास आवळलेला, वरची टोकं छाटलेली, आणि मूळ टेपेपासून एक-दोन पिढ्या लांब. त्यातला किती गढूळपणा बेसिंग स्ट्रीटचा आणि किती त्या प्रतीचा, हे वेगळं केल्याशिवाय मिक्सला दोषी ठरवू नका.

चांगलं हस्तांतर मुळात टेप मशीनवर घडतं. आधी टेप वाचणाऱ्या हेडचा कोन, म्हणजे अझिमथ, त्या विशिष्ट टेपेला जुळवावा लागतो. टेपेच्या सुरुवातीला १ आणि १० किलोहर्ट्झचे चाचणी सूर असतील तर त्यांवर जुळवायचा, नसतील तर दोन्ही चॅनेल एकत्र करून वरच्या पट्टीतला आवाज जास्तीत जास्त उघडा होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. कोन जरा चुकला की सिम्बल बोथट होतात आणि मधोमध असायला हवा तो गळा पसरट होतो. मग कोणीतरी ट्रेबल वाढवतो, हिस (टेपेची सुसू) वाढते, हिस मारायला नॉइज रिडक्शन लावतो, आणि त्या सगळ्याला ‘रिमास्टर’ असं नाव मिळतं. एका स्क्रूचं काम होतं ते.

आणखी एक उदाहरण. स्टूजेस या बँडचा ‘रॉ पॉवर’ १९७३ मध्ये डेव्हिड बोवीने मिक्स केला. १९९७ मध्ये बँडचा गायक खुद्द इगी पॉपने तो नव्याने मिक्स केला, आवाज इतका चढवून की सगळंच विकृत. शेवटी २०१० मध्ये बोवीचा मिक्स पुन्हा काढावा लागला. गाणारा स्वतः बसला तरी जुना मिक्स रद्द होत नाही.

आवाजखोली

दोघांचेही मुद्दे वाचले. पण तुलना कशी करायची यावर कोणीच बोललेलं नाही, आणि बहुतेक वाद तिथेच फसतात.

आवाजात १ डेसिबलचा फरक असेल तर कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. जास्त उघडा, जास्त जवळचा. म्हणून पातळी जुळवल्याशिवाय दिलेलं कुठलंही मत मी धरत नाही.

दोन्ही सीडी ईएसी या प्रोग्राममध्ये सिक्युअर मोडवर रिप करा (कॉम्प्युटरवर उतरवा) आणि अ‍ॅक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपशी ताळा घेणाऱ्या यादीशी) जुळतात का पाहा. पहिल्या काळातल्या काही जपानी सीडींवर प्री-एम्फसिस (मुद्दाम वाढवून ठेवलेली वरची पट्टी) असतं. सीडी प्लेयर ते आपोआप उतरवतो, रिपमध्ये ते तसंच राहतं आणि वरच्या टोकाला ९-१० डेसिबलची वाढ राहून जाते. असं रिप ऐकून ‘जुनी सीडी कर्कश आहे’ असा निकाल देणारे पुष्कळ आहेत. सॉक्स या प्रोग्राममध्ये डीएम्फ लावलं की ते उतरतं.

मग फूबार या प्लेयरमध्ये रिप्लेगेन (पातळी समान करणारा आकडा) काढा, पण अल्बमचं काढा, गाण्यागाण्याचं नको. या अल्बममध्ये ‘मदर गूज’सारखी हलकी गाणी आणि ‘हिम ४३’सारखी जड गाणी दोन्ही आहेत. गाण्यागाण्याने मोजलं की दोन्ही एकाच पातळीवर येतात आणि ज्या चढउतारांसाठी हा अल्बम ऐकायचा, तेच सपाट होतात.

त्यानंतर एबीएक्स, म्हणजे कोणता तुकडा वाजतोय हे न सांगता ओळखायला लावणारी चाचणी. २० सेकंदांचा तुकडा घ्या, १६ फेऱ्या करा. १२ किंवा अधिक बरोबर आल्या तर फरक खरोखर ऐकू येतोय असं धरायला हरकत नाही. नुसत्या अंदाजाने तेवढ्या येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत असते. दोन रिमास्टरमध्ये बहुतेक जण इथेच अडखळतात. मिक्स वेगळा असेल तर मात्र सोळाच्या सोळा येतात, म्हणून तिथे प्रश्न ‘ओळखता येतो का’ हा नसून ‘कोणता हवा’ हा आहे.

एक सापळा. ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये एक फाइल उलटी करून दुसरीत मिसळायची आणि उरलेला फरक ऐकायचा, असं काही जण सुचवतात. दोन हस्तांतरं वेगळ्या मशीनवर झाली असतील तर हे चालत नाही. टेपेच्या वेगात ०.१ टक्का फरक असला तरी साडेसहा मिनिटांच्या गाण्यात शेवटी ०.३९ सेकंदांची तफावत पडते. मग जे उरतं तो फरक नसतो, प्रतिध्वनी असतो.

रोजचा_श्रोता

हे सगळं मोजमाप खरं असेल, पण लोक ऐकतात फोनवर, ब्लूटूथवर. स्पॉटिफाय साधारण वजा १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं माप) सगळं आणतं, म्हणजे पातळी जुळलेलीच असते. इयरफोन बदलले तर रिमास्टरपेक्षा दसपट फरक पडतो. माझ्या मते आवृत्तीच्या मागे लागणं ऐकणाऱ्याला गाण्यापासून लांब नेतं.

आवाजखोली

इयरफोनचा मुद्दा मान्य. पातळीचा अर्धाच मान्य. प्लॅटफॉर्म फक्त व्हॉल्यूम कमीजास्त करतो. लिमिटरने (आवाजाची टोकं ठरावीक मर्यादेवर दाबणाऱ्या साधनाने) छाटलेली शिखरं तो परत आणू शकत नाही. छाटलेला अल्बम खाली आणला की हळू आवाजातला सपाट अल्बम मिळतो, आणि न छाटलेल्याचे ड्रम त्याच्या शेजारी उसळून येतात. उलट पातळी समान झाल्यामुळेच हा फरक आता फोनवरही ऐकू येतो.

छाटणी बघायची तर ऑडॅसिटीतल्या ‘शो क्लिपिंग’वर विसंबू नका. पुष्कळ सीडी लिमिटरमधून काढून नंतर ०.२ डेसिबलने खाली आणलेल्या असतात. त्यामुळे लाल रेघ एकही दिसत नाही, पण नमुन्यांपर्यंत झूम केलं की स्नेअरचं टोक सुरीने कापल्यासारखं सपाट दिसतं.

आणि सपाटपणा मिक्समध्येच असेल तर मास्टरिंगवाला काही करू शकत नाही. मेटालिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) तसाच. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सनकडे मिक्स आले तेच आवळून आलेले होते. रश या बँडच्या ‘व्हेपर ट्रेल्स’ला (२००२) म्हणूनच २०१३ मध्ये अख्खा रिमिक्स करावा लागला.

बारा_इंच

सीडी विरुद्ध सीडी चाललंय म्हणून एलपीबद्दल लिहितो. नव्या आवृत्तीच्या एलपीवर ‘मूळ टेपेवरून’ असं छापलेलं असलं तरी मध्ये डिजिटल पायरी असू शकते. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीच्या बाबतीत हेच उघड झालं: अनेक तबकड्या डीएसडी या डिजिटल फाइलीवरून कापलेल्या होत्या. ऐकायला त्या वाईट नव्हत्या, पण गिऱ्हाइकाला सांगितलेलं नव्हतं, आणि ते मला गैर वाटतं.

‘अ‍ॅक्वालंग’ एलपीवर ऐकताना ‘अप टू मी’ आणि ‘विंड अप’ यांत स-श फाटत असतील तर मास्टरला दोष देण्याआधी सुई तपासा. दोन्ही गाणी बाजूच्या शेवटी आहेत. बाहेरच्या काठाला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने जाते, लेबलजवळ जेमतेम २१. तोच स तिथे अडीचपट कमी जागेत कोंबलेला असतो. प्रोट्रॅक्टर घेऊन काडतूस (सुई धरणारा भाग) ६६ आणि १२०.९ मिलिमीटर या दोन बिंदूंवर सरळ बसवा. ऑर्टोफॉन टूएम रेड काडतुसाला भार १.८ ग्रॅम. रेकॉर्ड जपायची म्हणून तो १.२ वर आणू नका, कारण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त खरवडते.

पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी किंवा बुधवारी उचललेल्या रेकॉर्डला पावसाळ्यानंतर बुरशी असतेच. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल, मऊ ब्रश, आणि लेबल कोरडं ठेवायचं. त्याच गठ्ठ्यात लाखेच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण अजिबात लावू नका. अल्कोहोलने लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते.

बाकी एलपीला डीआर मीटरवर (शिखरं आणि सरासरी पातळी यांतलं अंतर मोजणारा) १२ येतात आणि सीडीला ८, यातच सगळं आलं.

मूळप्रत

बारा_इंच, बाकी सगळं मान्य, शेवटची ओळ नाही. काडतूस, फोनो स्टेज (काडतुसाचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) आणि खाच यांतून जाताना तरंगाची फेज सरकते आणि छाटलेल्या टोकांना पुन्हा शिखरं फुटतात. मीटरला ती दिसतात, संगीतात ती नसतात. एकाच मास्टरच्या सीडी आणि एलपीतही असा तीन-चार अंकांचा फरक पडतो. डीआरचा आकडा सीडीची तुलना सीडीशी करताना वापरा.

टेपपेटी (धागाकर्ता)

मूळप्रत, एक गोष्ट तुमची बरोबर. जुन्या सीडीवरून १९७१ च्या मिक्सला मी दोष दिला, ते घाईचं होतं. त्या मिक्सच्या स्वच्छ हस्तांतराशी तुलना व्हायला हवी.

पण ‘दुसऱ्याच माणसाची आवृत्ती’ हे पटत नाही. विल्सनची पद्धत त्याने जाहीर सांगितलेली आहे. आधी मूळ मिक्स शेजारी लावून प्रत्येक वाद्याची जागा, पातळी, प्रतिध्वनी जुळवत नक्कल करायची, आणि मग धूर काढायचा. इथे अँडरसनच्या संमतीने काम झालं आहे. शिवाय एकच पवित्र प्रत या अल्बमला कधीच नव्हती. १९७४ च्या चार चॅनेलच्या एलपीवर ‘विंड अप’चं ध्वनिमुद्रणच वेगळं होतं.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म आर्काइव्हमध्ये जुन्या चित्रपटांचं काम चालतं. प्रभातच्या फिल्मवरचे ओरखडे काढले तर ती दुसरी फिल्म झाली, असं आपण म्हणतो का?

मूळप्रत

ओरखडे काढणं म्हणजे रिमास्टर. रिमिक्स म्हणजे निगेटिव्हमधले शॉट नव्याने जोडणं. मूळ जोडणी कितीही जपून गिरवली तरी कात्री नव्या हातात असते. माझी मागणी एवढीच आहे की दोन्ही मिक्स एकाच पेटीत द्या आणि नाव ठळक छापा. प्लॅटफॉर्मवर मुखपृष्ठ तेच दिसतं. ऐकणारा जुनं समजून नवं ऐकतो, आणि काही वर्षांनी १९७१ चा मिक्स कोणाला मिळतच नाही.

आवाजखोली

नाव ठळक हवं, याला माझाही पाठिंबा. आता एक तपासणी, दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी. कुठलीही आवृत्ती घेताना नॉइज रिडक्शन लावलंय का ते बघा. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या जुन्या टेपांवर याचा घात स्पष्ट ऐकू येतो: हिस जाते आणि तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारीही जाते, कारण जवारीचे वरचे बारीक सूर आणि हिस एकाच पट्टीत, जवळपास एकाच पातळीला असतात. प्रोग्रामला त्यातलं वेगळं करता येत नाही. रॉकमध्ये तोच मार सिम्बलच्या शेपटीला आणि अकूस्टिक गिटारच्या वरच्या झंकाराला बसतो.

‘चीप डे रिटर्न’ लावा, जेमतेम सव्वा मिनिटाचं आहे. हेडफोनवर, व्हॉल्यूम नेहमीपेक्षा थोडा वर. शेवटची तार विरत जाते तेव्हा तिच्यामागची हिस सलग चालू राहते, की तारेबरोबर खाली बुडते, ते ऐका. बुडत असेल तर ती आवृत्ती घेऊ नका, मिक्स कोणाचाही असो.