बॉटने सगळे इव्हेंट घ्यावेत की मोजकेच मागावेत?

खटपट्या: बॉट (चॅट अ‍ॅपमध्ये आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) लिहिताना सगळे इव्हेंट, म्हणजे अ‍ॅपमध्ये काही घडल्याच्या सूचना, घ्यायचे आणि आत इफ-एल्सची, म्हणजे ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटींची माळ लावायची, ही सवय मला पटत नाही. गाळणी उगमापाशीच हवी. टेलिग्रामला वेबहुक (इव्हेंट जिथे पाठवायचे तो आपला पत्ता) देताना अलाउड_अपडेट्स या यादीत लागतील तेवढेच प्रकार लिहा, डिस्कॉर्डवर लागतील तेवढेच इंटेंट (तिथले इव्हेंटचे गट) घ्या. कोण ऑनलाइन आलं, कोण टाइप करतंय, याच्याशी आठवण करून देणाऱ्या बॉटला काय देणंघेणं? जे आलंच नाही ते लॉगमध्येही (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) सांडत नाही.

लॉगबहाद्दर: साफ असहमत. टेलिग्रामची ती यादी त्यांच्याकडे टिकून राहते. पुढच्या वेळी वेबहुक देताना यादी दिली नाही, तर जुनीच चालू! नंतर कुणीतरी चॅट_मेंबरचा (ग्रुपमधल्या सदस्यांच्या बदलांचा) इव्हेंट हाताळणारा कोड लिहितो, टेस्ट पास होतात आणि प्रत्यक्षात एकही अपडेट येत नाही. एररही नाही. बसा शोधत. त्यापेक्षा सगळं घ्या आणि टाकून दिलेलं मोजा.

खटपट्या: यादी कोडमध्ये ठेवा, नवा कोड चालू करताना दर वेळी पाठवा, टेलिग्रामच्या गेटवेबहुकइन्फो या विनंतीने ताडून बघा. मिटलं. आणि यादी रिकामी दिली की ‘सगळं’ येतं असं समजू नका. चॅट_मेंबर आणि रिअ‍ॅक्शनचे प्रकार तेव्हाही वगळलेलेच असतात.

मधलीफळी: तुमचं भांडण चालू द्या, पण स्लॅकला (ऑफिसातल्या चॅटच्या अ‍ॅपला) 3 सेकंदांत उत्तर गेलं नाही तर तोच इव्हेंट पुन्हा येतो. तिथे मागितलेल्या इव्हेंटची यादी कितीही काटेकोर असली तरी उपयोग शून्य. आधी 200 (‘मिळालं’ असं सांगणारा कोड) पाठवा, पुन्हा आलेला ओळखता यावा म्हणून इव्हेंट_आयडी नोंदवा, काम मागाहून करा. दुसरं म्हणजे बॉट स्वतःच्याच मेसेजला उत्तर देत सुटतो, म्हणून लोक ‘पाठवणारा बॉट असेल तर सोड’ अशी सरसकट ओळ टाकतात. मग बिल्ड फुटल्याचा (कोडची जुळणी फसल्याचा) इशाराही गळतो, कारण तोही बॉटच पाठवतो! फक्त स्वतःचा आयडी तपासा ना.

लॉगबहाद्दर: म्हणजे आतली गाळणी लागतेच. मी वेगळं काय म्हणतोय?

खटपट्या: लागते, पण ‘सगळं घ्या’ ही चैन आता आपल्या हातात नाही. डिस्कॉर्डने 2022 मध्ये मेसेजचा मजकूर खास परवानगीखाली नेला. पडताळणी झालेल्या बॉटना तो मंजुरीशिवाय मिळत नाही.

लॉगबहाद्दर: मजकुरापुरतं मान्य. पण तिथेही इव्हेंट येतोच, फक्त कंटेंट रिकामं असतं, आणि नवखा माणूस स्वतःचा रेजेक्स (मजकुरात शब्द शोधायचा साचा) दुरुस्त करत बसतो. मी कच्चा इव्हेंट लॉगमध्ये बघतो म्हणून मला ते लगेच कळतं.

मधलीफळी: त्या कच्च्या लॉगमध्ये लोकांचे खासगी मेसेजही असतील. ते किती दिवस ठेवता, तेवढं सांगा.